एकतिसाव्या बोर्डावरचा लाल ठिपका

सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात इमामसाब शेखांच्या दोन खोल्या आहेत. पुढची दुकान, मागची घर. मध्ये दार नाही, पडदा आहे, आणि तोही बहुतेक वेळा खिळ्याला अडकवलेला. दुकानावरची पाटी अजून 'रेडिओ रिपेअर' अशीच आहे. रेडिओ घेऊन येणारी माणसं गेली, त्यांचे रेडिओ भंगारात गेले, पाटी मात्र उतरली नाही. "पाटी काय जेवायला मागती काय?" असं इमामसाब म्हणतात. पासष्टीचा सडपातळ माणूस, जाड भिंगाचा चष्मा, बोटांवर सोल्डरिंगचे जुने डाग. चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही उघडले, पण नाव झालं ते शेवटच्या सात वर्षांत आणि तेही कोंबडीच्या पिल्लांमुळं.

वैरागच्या एका बाईनं अंडी उबवायची पेटी दुरुस्तीला आणली होती. आतला बोर्ड जळालेला. इमामसाबनी तो उलटासुलटा करून पाहिला, नाक मुरडलं आणि स्वतःच बोर्ड करायला घेतला. तांब्याचा मुलामा असलेल्या पट्टीवर पेनानं रेघा ओढल्या, ॲसिडच्या ट्रेमध्ये बुडवून रेघांबाहेरचं तांबं उडवलं, हातड्रिलनं सुईएवढी भोकं पाडली आणि एकेक भाग डाग देऊन बसवला. एका लांब वायरीच्या टोकाला सेन्सर, मसुराच्या डाळीएवढा काळा मणी. तो पेटीत अंड्यांजवळ राहतो. पेटी गार पडली की बोर्ड 'टक' करून आतले दिवे लावतो, तापली की 'टक' करून घालवतो. एकवीस दिवस, साडेसदतीस अंश. कोंबडी हे काम कुठंही न शिकता करते; माणसाला त्यासाठी इमामसाब लागतात.

पण नवा बोर्ड जन्मतः अडाणी असतो. त्याच्यावर लाल आकडे उमटतात खरे, ते बरोबर आहेत की थापा, हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं. जिचं तापमान पक्कं ठाऊक आहे अशी एक वस्तू घ्यायची, सेन्सर तिला लावायचा, आणि बोर्डावरचा बारीक स्क्रू फिरवत आकडा तिथं आणून ठेवायचा. ती वस्तू कुठली? भांड्यातलं पाणी सारखं निवायचं. शेवटी पडद्यापलीकडून अमिना, म्हणजे इमामसाबची बायको, म्हणाली, "माझ्या काखेत ठेवा की. मी काही निवत नाही."

ती गंमतीनं बोलली, यांनी खरं धरलं. महिनाभर रोज पहाटे, ती अंथरुणातून उठायच्या आधी, पाऱ्याचा थर्मामीटर तिच्या काखेत. रोज अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन, म्हणजे सेल्सिअसचे छत्तीस पूर्णांक आठ. "बाई आहे का घड्याळ!" इमामसाब शेजाऱ्यांना सांगत सुटले. मग एके दिवशी थर्मामीटर हातून निसटला, शहाबादी फरशीवर फुटला आणि पाऱ्याचे मणी कपाटाखाली पळाले. इमामसाब दुसरा आणायला चप्पल घालू लागले तशी अमिनानं टोमणा मारला, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" चप्पल परत काढली गेली. नाहीतरी त्यांचा त्या नव्या बॅटरीवाल्या थर्मामीटरवर भरवसा नव्हता. बायकोवर होता. तिथंच चुकले म्हणा, नाहीतर तिथंच बरोबर होते म्हणा. मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून रीतच पडली. बोर्ड तयार झाला की रात्री झोपताना अमिना स्वतःच सेन्सर काखेत धरून गोधडी ओढून घेई. पहाटे इमामसाब वजू करत, नमाज पढत आणि मग गोधडीखालून आलेली वायर बोर्डाला जोडून तिच्या उशाशी स्टुलावर बसत. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. छत्तीस आठ आलं की एकुलत्या एक मुलीच्या, सबाच्या, जुन्या नेलपॉलिशचा एक लाल थेंब स्क्रूवर टाकून तो कायमचा बंद. बोर्डाच्या पाठीवर नंबर आणि तारीख. मग वायर हळूच ओढायची. कधी कधी ती जागी असे आणि खोडी म्हणून हात घट्ट आवळून धरी. "सोड की ग!" म्हटलं की आतून हसू यायचं, आणि वायर सुटायची.

असे तीस बोर्ड गेले. वैराग, करकंब, बार्शी, कुठं कुठं. बायका सांगायच्या, पेटीत हात घातला की कुणाच्या तरी कुशीत घातल्यासारखं वाटतं. अमिनाला हे ऐकून कसंतरीच व्हायचं. "तीस घरात माझं अंग ठेवलंय तुम्ही," ती म्हणायची. "मी मेले तरी तिथं गरमच राहीन." आणि पदर तोंडाला लावायची.

ती मागच्या जानेवारीत गेली. एकतिसावा बोर्ड होता त्या पहाटेला.

त्या पहाटेचं इमामसाबनी सगळ्यांना जे सांगितलं ते असं. थंडी मरणाची होती. वजूच्या पाण्यानं बोटं बधीर झालेली. अमिना डोक्यावरून गोधडी घेऊन भिंतीकडं तोंड करून झोपलेली, थंडीत ती तशीच झोपे. ते वायर जोडून बसले. आकडा काही केल्या जागेवर येईना, स्क्रू नेहमीच्या पाव फेऱ्याऐवजी चांगले दोन फेरे फिरवावा लागला. "सेन्सरचा हा लॉट भिकार निघाला बघ," असं ते तिला म्हणाले. ती काही बोलली नाही. तरीही ते बोलत राहिले, हा बोर्ड जिच्यासाठी होता त्या करकंबच्या दगडाबाईच्या पेटीबद्दल, सबाच्या पोराच्या खोकल्याबद्दल. छत्तीस आठ आलं, लाल ठिपका दिला. वायर ओढली तर येईना. अमिनानं खोडी काढली होती. "सोड की ग," म्हणाले. गोधडीच्या आत हात घातला, आत ऊब होती. वायर घेऊन ते दुकानात आले, बोर्ड पुठ्ठ्यात बांधला, दूध आणलं, चहा टाकला आणि तिला हाक मारली. एक हाक, दोन हाका. मग गोधडी बाजूला केली.

मौतीचा चाळिसावा दिवस झाल्यावर सबा त्यांना रक्तदाबासाठी डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी सहज विचारलं, बायको कशानं गेली? इमामसाबनी हेच सगळं सांगितलं. डॉक्टर कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "सहा-साडेसहाला जिवंत होत्या म्हणता, तर हार्टचं असणार, त्यानंतरचं. अर्ध्या तासात आणलं असतं तर सांगता येत नाही, वाचल्याही असत्या." डॉक्टरांना वाटलं, आपण माहिती दिली. रिक्षात सबा खिडकीबाहेर बघत होती. घराजवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "अब्बा, तुम्ही बोर्डाकडं बघत होता. अम्मीकडं नाही."

त्यानंतर ती दर शुक्रवारी डबा घेऊन येते, भांडी घासून जाते. बोलणं 'खाल्लं का' आणि 'येते' एवढंच. वर्ष झालं. त्या वर्षात इमामसाबनी एकही बोर्ड केला नाही. दुकानातली चाचणीची जुनी पेटी मात्र ते चालू ठेवायचे, रिकामीच. तिच्यात वैरागहून बदलून परत आलेला पहिला बोर्ड होता. पडद्यापलीकडं अंथरुणावर पडलं की तिचा 'टक' ऐकू यायचा, मग थोड्या वेळानं पुन्हा 'टक'. दुपारी घर सामसूम असलं की ते उठून त्या पेटीत हात घालून बसायचे. असं बसलेलं शेजारच्या बसप्पानं एकदा पाहिलं आणि तो पाय न वाजवता मागं फिरला.

यंदा जानेवारीत, एका बुधवारी, करकंबहून दगडाबाई आली. एसटीतून उतरून डोक्यावर पेटी घेऊन बोळात शिरली. पेटी तिनं दुकानाच्या आत नाही, उंबऱ्याबाहेर ठेवली.

"इमामसाब, ही तुमची तुमी ठिवा. माज्या घरात नगं."

"काय झालं आक्का?"

"चार बार अंडी घातली. एक पिल्लू न्हाय. समदी आतल्या आत थांबल्याली. फोडून बगितली की, येका मापाची, डोळं मिटल्याली, जशी कुनी हाक मारून थांबीवल्यावानी." तिनं आवाज उतरवला. "आकडं बराबर दावतंय. साडेसदतीस. पन तुमी हात घालून बगा."

"हात घालून काय कळतंय आक्का?"

"मला कळतंय. माजी सासू गेली तवा मीच तिला आंगूळ घातली हुती. त्येच हाय ह्ये. गार न्हाय, पन ऊन बी न्हाय." मग तिनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. पदरानं हात पुसले. "तुमच्या मालकिनीचं आईकलं हुतं. मी काय तसलं म्हनत न्हाय. पन नवा बोर्ड करून द्या, व्हय? आमच्याकडं समदं तेच्यावरच हाय."

ती गेल्यावर त्यांनी पेटी आत घेतली, झाकण काढलं, बोर्ड उलटा केला. पाठीवर त्यांच्याच अक्षरात एकतीस, आणि ती तारीख. सुलटा केला. स्क्रूवर लाल ठिपका तसाच, कुठं चीर नाही. कुणी हात लावलेला नव्हता. त्या पहाटे जसा बंद केला तसाच तो वर्षभर बंद होता.

आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. बोर्ड खोटं बोलत नसतो. त्याला जे छत्तीस आठ म्हणून शिकवलं तेच तो धरून बसतो. त्या पहाटे अमिनाच्या काखेत खरं किती होतं ते या बोर्डानं गिळून ठेवलं होतं. ती जिवंत असेल तर बोर्ड बरोबर निघेल, आणि आपण चार फुटांवर पाठ करून चहा उकळत होतो तेव्हा ती जात होती हे पक्कं होईल. ती आधीच गेलेली असेल तर बोर्ड खोटा निघेल. दगडाबाईचा हात काय सांगत होता ते त्यांनी ऐकलं होतं. पण खेड्यातल्या बाईच्या हातावर आपला निकाल लावायचा? अंडी शिळी असतील, दिवा उडाला असेल, लाईट गेली असेल. मनाला पळवाट हवी असली की ती सापडतेच.

दोन दिवस बोर्ड फळीवर फडक्याखाली होता. इमामसाब त्याच्याकडं पाठ करून बसायचे, आणि पाठीला तो असल्याचं जाणवायचं. त्यांना भीती वाटत होती, आणि लाज वाटत होती की नेमकी कशाची भीती वाटते तेही सांगता येत नाही.

शुक्रवारी सबा आली. डबा ठेवला. "खाल्लं का?"

"सबा, तुज्याकडं तो बॅटरीवाला थर्मामीटर हाय ना, पोराचा?"

"ताप आहे का तुम्हाला?"

"मला न्हाई." आणि मग त्यांनी फडकं काढलं आणि सगळं सांगितलं. सांगताना तिच्याकडं नाही, बोर्डाकडं बघून सांगितलं, आणि हे लक्षात आल्यावर मान वर करून तिच्याकडं बघितलं. ती उठली. अर्ध्या तासात घरी जाऊन थर्मामीटर घेऊन परत आली.

अमिनाची झोपायची जागा तीच, भिंतीकडची. तिथं त्यांनी पाट मांडला, पाटावर पाण्याचा पेला. पेल्यात सेन्सर आणि थर्मामीटर दोन्ही, दोऱ्यानं एकत्र बांधलेले. बोर्डाला वीज दिली. 'टक' झालं. वर्षभरानं त्या खोलीत या बोर्डाचा आवाज झाला, आणि बापलेक दोघंही दचकले.

"तू गरम पाणी चमच्यानं घाल, हळूहळू," ते म्हणाले. "बोर्डावर छत्तीस आठ आलं की थांब. मग थर्मामीटर बघायचा. तिथंही छत्तीस-सदतीस असंल तर..."

"तर अम्मी जिवंत होती," सबानं वाक्य पुरं केलं.

एक चमचा. बोर्डावर तेहतीस. थर्मामीटरवर आकडा नव्हता, नुसतं 'लो'. बत्तीसच्या खाली तो आकडाच दाखवत नाही, माणूस त्याच्या खाली जाईल असं तो बनवणाऱ्याला वाटलं नसावं. दुसरा चमचा. बोर्डावर चौतीस. थर्मामीटरवर 'लो'. तिसरा. बोर्ड पस्तीस म्हणाला, माणसाच्या अंगाची गोष्ट करू लागला. थर्मामीटर अजून 'लो'च. सबाच्या चमच्यातलं अर्धं पाणी पाटावर सांडलं. इमामसाबनी तिचं मनगट धरलं, आणि मग दोघांनी मिळून तो चमचा धरला. छत्तीस. छत्तीस चार. छत्तीस सहा. बोर्डावरचे लाल आकडे थांबले, हलले, आणि छत्तीस आठवर येऊन स्थिर झाले, जसे त्या पहाटे झाले होते.

इमामसाबनी डोळे मिटले. "तू वाच."

"तेहतीस पूर्णांक चार."

बाहेर सात रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते.

"गोधडीत, डोक्यावरून पांघरून, काखेत तेहतीस," सबा हळूहळू म्हणाली, स्वतःलाच समजावत असल्यासारखी. "म्हणजे कितीतरी आधी, अब्बा. दोन-तीन तास तरी. तुम्ही नमाजाला उठलात तेव्हाच ती..." मग तिनं बापाचा हात ओढून आपल्या कपाळाला लावला आणि मोठ्यानं रडली, वर्षभराचं. "माफ करा मला. तुमच्या हातात काहीच नव्हतं. काहीच नव्हतं, अब्बा."

इमामसाब पण रडले. त्यांना हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. सुटलो असंच वाटलं. माणसाचं मन नीच असतं म्हणा, नाहीतर दमलेलं असतं. बायको आपल्या पाठीमागं मेली नाही, आपल्याला न कळता आधीच मेली होती, या गोष्टीचा त्यांना आनंद झाला. मग हळूहळू त्या आनंदाच्या मागून दुसरं काहीतरी वर आलं. आपण अर्धा तास तिच्याशी बोलत होतो. सेन्सरचा लॉट, दगडाबाई, पोराचा खोकला. आणि मेलेल्या बाईला स्क्रू फिरवून फिरवून, दोन फेरे फिरवून, आपण जिवंत केलं आणि वर लाल ठिपका दिला.

सबानं नाक पुसलं. "पण तुम्ही तर सांगायचात, अम्मीनं वायर घट्ट धरली होती म्हणून."

"हौ."

ती पाटावर सांडलेलं पाणी फडक्यानं टिपू लागली. "दफनाआधी नहाण घालताना अम्मीचा डावा हात अंगापासून सुटत नव्हता. गरम पाण्यानं शेकून शेकून सोडवला आम्ही. ती नहाण घालणारी बाईही म्हणाली होती, पोरी, लई वेळ झालाय हिला जाऊन. मला राग आला होता तिचा. म्हटलं, अब्बा खोटं बोलतात का?" तिनं पेल्यातून वायर काढली, पदरानं पुसली. "हात आखडला होता, अब्बा. तिनं धरली नव्हती."

"हौ," इमामसाब पुन्हा म्हणाले. "तसंच असंल."

त्या दिवशी सबा संध्याकाळपर्यंत थांबली. भाकरी थापल्या, बापाला शेजारी बसून खाऊ घातलं, जाताना थर्मामीटर फळीवर ठेवून गेली. "दगडाबाईचा नवा बोर्ड यावर करा," म्हणाली. "आणि मी रविवारी येते." रविवारी! वर्षात पहिल्यांदा शुक्रवार सोडून दुसरा वार तिच्या तोंडी आला.

दुसऱ्याच दिवशी इमामसाबनी बत्तिसावा बोर्ड करायला घेतला. रेघा ओढल्या, भोकं पाडली, डाग दिले. सेन्सर आणि थर्मामीटर पेल्यात घालून स्क्रू बसवला, ठिपका दिला. बोर्ड अगदी बरोबर झाला. दगडाबाईच्या पेटीत तो घालताना त्यांनी एकतिसावा बाहेर काढला. त्याचा ठिपका खरवडून स्क्रू नीट केला असता तर तोही कामाला आला असता. भाग सगळे चांगले होते. त्यांनी तो पुठ्ठ्यात गुंडाळला आणि अमिनाच्या कपड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवला.

सबाला त्यांनी सगळं सांगितलं होतं, एक सोडून. त्या पहाटे त्यांनी वायर दोनदा ओढली. पहिल्यांदा आली नाही. दुसऱ्यांदा जोर लावून ओढली, इतका की तुटेल असं वाटलं, तरी आली नाही. मग त्यांनी ओढणं सोडून दिलं. वायर बोटांत नुसती धरून, वाकून, हसत, तिच्या कानाशी म्हणाले, "सोड की ग."

आणि तिनं सोडली.